उजव्या बाजूचा हात

एस्तेरताई,

गेलेल्या माणसांशी बोलायचं नसतं, हे तूच आम्हाला शिकवलंस. तुझे यजमान गेले त्या वर्षी ज्योत्स्नाने तुला विचारलं होतं, "ताई, तुम्ही भाऊंच्या फोटोशी बोलता का हो?" तू चहा गाळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "फोटोला काय कान आहेत? सांगायचं ते वर सांगायचं. तो पोचवतो." विषय संपला. दिवा स्टेशनजवळच्या तुझ्या त्या दोन खोल्यांत फोटोला कधी हारही दिसला नाही.

तर हा नियम मी आज उघड उघड मोडते आहे. वर सांगायचं म्हणजे तोंड उघडून सांगायचं, असं तुझं म्हणणं. आणि तोंड उघडून प्रार्थना करणं मला येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणून लिहिते आहे. रागवायचं तर रागव. तुझा राग ऐकायला मिळाला तर आत्ता मला हवाच आहे.

तुला माती देऊन पंधरवडा होत आला. पाळकसाहेबांनी त्या दिवशी तुझ्याबद्दल सांगायचं ते सगळं सांगितलं. जन्म कुठला, शाळेत शिकवलं किती वर्षं, महिला मंडळात सेवा कशी केली, आणि प्रभूमध्ये निजली कशी शांतपणे. सगळं खरं होतं आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. प्रार्थना चालू असताना एक डोळा उघडा ठेवून चहाच्या पातेल्यावर नजर ठेवणारी बाई त्यात नव्हती. डॅनियलकाकांच्या प्रार्थनेत देश, सरकार, सीमेवरचे जवान, सगळ्या जगातले आजारी असे सगळे येऊन गेले आणि तरी आमेन येईना, की हळूच खाकरणारी बाईही नव्हती. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ह्यांना कुणीतरी सांगा, ही कोण होती ते.

मला आठवतात ते गुरुवार. दर गुरुवारी दुपारी चारला तुझ्याकडे आपण सात-आठ जण जमायचो. दिव्यात पाण्याची कायमची बोंब. टँकर आला तर आला, नाहीतर बायका हंडे घेऊन जिना चढतायत. इतक्या माणसांचा चहा करायचा तर तुझ्या घरातलं निम्मं पिण्याचं पाणी संपायचं. मग कधीतरी, कुणी सुरू केलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, प्रत्येकाने येताना घरून पाण्याची बाटली आणायची असा रिवाज पडून गेला. दुसऱ्याच्या घरी जाताना माणसं फळं नेतात, बिस्किटाचा पुडा नेतात; तुझ्याकडे पाणी न्यायचं. कळव्याचं, डोंबिवलीचं, कोलशेतहून डॅनियलकाकांचं, माझं नौपाड्याचं. सगळ्या बाटल्या तू एकाच पातेल्यात उपड्या करायचीस आणि म्हणायचीस, "आता ह्यातून ज्याचं त्याचं वेगळं काढून दाखवा." हा विनोद तू दर गुरुवारी केलास आणि दर गुरुवारी पहिल्यांदाच केल्यासारखी हसलीस.

मग बसायचं. डॅनियलकाका दाराजवळच्या खुर्चीवर, त्यांच्या शेजारी काकू, आणि तिथून सतरंजीवर अर्धगोल करून आम्ही बाकीचे. ज्योत्स्ना, तिच्यानंतर मी, आणि सगळ्यात शेवटी तू, स्वयंपाकघराच्या दाराशी, आधण दिसेल अशी. एकमेकांचे हात धरायचे, डोळे मिटायचे. काकांनी सुरुवात करायची. आपली प्रार्थना संपली की शेजारच्याचा हात दाबायचा, म्हणजे आता तुमचा नंबर. ज्याला मोठ्याने बोलायचं नसेल त्याने नुसता पुढचा हात दाबायचा. शेवटचा हात तुझा. तू प्रार्थना करून आमेन म्हणालीस की गुरुवार संपला.

ज्योत्स्नाने माझा हात दाबला, की मी तुझा दाबायचे. लगेच. गरम तवा हातातून खाली ठेवावा तसा. इतकी वर्षं, आले त्या प्रत्येक गुरुवारी.

त्याचं कारण तुला ठाऊक होतं, कारण तू तिथे होतीस. ठाण्याच्या चर्चच्या मंडळीत बायकांचं सहभोजन होतं आणि अन्नावर प्रार्थना करायला कुणीतरी मला पुढे केलं. मी तेव्हा विजेच्या तक्रार केंद्रात फोनवर होते. दिवसभर कानाला फोन, आणि उचलला की एकच वाक्य. सगळ्या बायकांनी डोळे मिटले, पदर डोक्यावर घेतले, शांतता पसरली, आणि मी माझ्या स्वच्छ, सरकारी आवाजात म्हणाले, "नमस्कार, बोला."

हसू दाबायचा प्रयत्न सगळ्यांनीच केला, त्याने जास्तच झालं. कुणाचा तरी पदर तोंडात गेला. मी ताट तिथेच ठेवून बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले. तू माझ्या मागून आलीस. आपली तेव्हा फारशी ओळखही नव्हती. वाटलं, ही आता समजूत घालणार. तू म्हणालीस, "अगं, सगळे देवाशी आपणच बोलत सुटतात. त्याला 'बोला' म्हणणारी मी तुला पहिलीच बघितली. गुरुवारी दिव्याला ये." पत्ता सांगितलास आणि परत जाऊन जेवायला बसलीस. मी उपाशीच घरी गेले. पण गुरुवारी आले.

त्या दिवसापासून माझी वाचा बसली ती बसली. नाहीतरी मला ती प्रार्थनेची भाषा कधी जमली नसती. हे परमकृपाळू, दयासागर वगैरे. आपल्यातली बरी बोलणारी माणसंही डोळे मिटले की वेगळ्याच आवाजात बोलायला लागतात. माझ्या तोंडात ते शब्द दुसऱ्याची साडी नेसून लग्नाला गेल्यासारखे वाटायचे. तुला हे सांगितलं, तर तू म्हणालीस, "मग तुझी साडी नेस. कोण नको म्हणतंय?"

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते काही मिटलं नाही. मी म्हणायचे, दार लावून एकट्याने प्रार्थना करायला सांगितलंय की नाही? तू म्हणायचीस, सांगितलंय. पण दोघेतिघे जमायलाही सांगितलंय, आणि जमून काय एकमेकांची तोंडं बघायची? मी म्हणायचे, देवाला मनातलं कळतं. तू म्हणायचीस, "देवाला कळतं गं. ज्योत्स्नाला कळत नाही. तिला कुणाचं तरी ऐकूनच शिकायचंय." एवढं म्हणून तू जिंकल्यासारखी बशीतला चहा संपवायचीस. मला तुझा तेव्हा खरंच संताप यायचा.

पण शिकवलंस मात्र. तुझी शिकवण्याची रीत मास्तरणीचीच, गृहपाठ देऊन. एकदा म्हणालीस, तुला जो माणूस डोळ्यांसमोर नको वाटतो त्याचं रोज नाव घ्यायचं. बाकी काही मागू नको, नुसतं नाव. मी म्हटलं, माझ्या वरच्या मजल्यावरची बाई, तिच्या ओल्या कपड्यांचं पाणी माझ्या वाळलेल्या कपड्यांवर पडतं.

"नाव काय तिचं?"

"मला काय माहीत? वरची."

"मग आधी विचारून ये. बिननावाची प्रार्थना कुठे जाऊन पडायची?"

घरात डबाभर साखर असताना मी वाटी घेऊन साखर मागायला वर गेले, तुझ्यापायी. सुमन नाव तिचं. वाटीभर साखर दिली आणि अर्धा तास गुडघ्यांचं दुखणं ऐकवलं. पहिले काही दिवस मी दात-ओठ खात नाव घेतलं, सुमन, सुमन, सुमन. पुढे कधीतरी तिच्या जिना उतरण्याच्या आवाजावरून आज गुडघा बरा की वाईट, ते मला कळायला लागलं. कपड्यांचं पाणी अजून पडतंच. तुला हे सांगितलं तेव्हा तू खूश होऊन म्हणालीस, "वाढतेयस गं." साठीच्या बाईला कुणी वाढतेयस म्हणालेलं मी दुसरं ऐकलेलं नाही.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही.

तुला वाटायचं, मी बायबलच्या वचनासाठी येते. निदान तू तसं सगळ्यांना सांगायचीस, करुणा बघा, ऊन असो पाऊस असो, नौपाड्याहून येते. ताई, मी हातासाठी यायचे. वडील गेल्यापासून त्या घरात मी एकटी. निवृत्त झाल्यावर तर आख्खा आठवडा माझ्या हाताला कुणाचा हात लागत नाही. रिक्षावाल्याने सुट्टे दिले तर बोटं लागतील तेवढीच. गुरुवारी डावा हात ज्योत्स्नाच्या हातात आणि उजवा तुझ्या. तुझा हात जाड, आल्याचा वास येणारा, बोटात रुतून बसलेली अंगठी. डॅनियलकाकांची प्रार्थना लांबली की सगळे कंटाळायचे. मला ती अजून लांबावी असं वाटायचं. सीमेवरच्या जवानांवर आले की मी मनात म्हणायचे, काका, अजून रेल्वे राहिली, शेतकरी राहिले, घ्या सगळ्यांना. असं सगळं असताना ह्याला विश्वास म्हणायचं का, हे मला तुला विचारायचं होतं. धीर झाला नाही. तू हो म्हणाली असतीस तर मला पटलं नसतं आणि नाही म्हणाली असतीस तर मी कुठे गेले असते?

शेवटचं बोलणं झालं ते फोनवर. तू दवाखान्यात, आवाज खोल गेलेला. इकडचं तिकडचं न बोलता म्हणालीस, "माझ्यानंतर गुरुवार तू घ्यायचास."

मी म्हटलं, "काहीतरीच. डॅनियलकाकांना सांग."

"ते आमेनपर्यंत पोचतील का?"

"ताई, मला बोलता येत नाही."

"येतं गं. आत्ता माझ्याशी काय करतेयस?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"बघू," म्हणाले. तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द हा आहे. बघू. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं, पण दुसरा कुठला शब्द खरा असता तेही कळत नाही.

पेटी बंद करायच्या आधी पाळकसाहेब म्हणाले, कुणाला शेवटचं बघायचं असेल तर या. मी आले. तुझे हात एकावर एक ठेवलेले, अंगठी तशीच. मी उजवा हात पुढे केला आणि तुझा हात दाबला. रडणं वगैरे काही नव्हतं त्यात, सवयच होती. हात दाबला की तू सुरुवात करतेस. मी वाट बघत उभी राहिले. मागच्या कुणीतरी खांद्याला धरून मला बाजूला नेलं.

नंतर तुझ्या घरी सांत्वनाची प्रार्थना झाली. सगळे आले, आणि सगळे आपापली बाटली घेऊन आले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ओट्यावर बाटल्यांची रांग लागली आणि पातेल्याला हात लावायला कुणी तयार नाही. तुझा मुलगा बिचारा गोंधळून बघत होता, एवढं पाणी कशाला म्हणून. खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे म्हणाला. गुरुवारचं काय, हे तेव्हा कुणीच काढलं नाही.

मी स्वयंपाकघरात उगाच फडक्याने ओटा पुसत राहिले. ज्योत्स्ना आत आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"मावशी, एक बोलू? तुम्ही आजारी वगैरे असायच्या ना, यायच्या नाहीत, तेव्हा मी ताईंच्या बाजूला बसायचे."

"मग?"

"मी हात दाबला तरी त्या सुरूच नाय करायच्या. किती वेळ गप. मला वाटलं, विसरल्या की झोप लागली. एकदा मी नंतर विचारलं, ताई, काय झालेलं? तर बोलल्या, करुणाची प्रार्थना चाललेली, ती संपू दे की."

"मी नसताना?"

"हां. प्रत्येक वेळेला. आणि तुम्ही असताना पण थांबायच्याच ना. तुम्ही हात दाबला की त्या थोडा वेळ गप असायच्या. तुम्हाला कधी कळलं नाय?"

ताई, मला वाटायचं तू आधणाकडे बघतेयस.

मी फडकं पिळलं, परत पिळलं. मला आधी राग आला, अगदी खरं सांगते. माझी न बोललेली प्रार्थना तुला धरायचीच होती, तर माझ्याशी इतकी वर्षं भांडलीस कशाला? आणि मी घरी ताप घेऊन पडलेली असताना, प्रार्थना तर सोडच, देवाचं नावही मनात नसताना, तू तिथे दिव्याला सगळ्यांना थांबवून माझा नंबर राखून ठेवत होतीस. असं कुणी कुणासाठी करतं का? केलंच तर निदान सांगतं तरी. मग मी ओट्यावर डोकं टेकून रडले. ज्योत्स्ना माझा हात धरून उभी होती, डावा.

उजवा त्या दिवसापासून रिकामा आहे. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण रात्री झोपताना तो कुठे ठेवावा ते मला कळत नाही. तू गेल्यावर घर जसं होतं तसंच एकटं आहे, त्यात काही नवीन नाही. पण आधी त्या एकटेपणाला गुरुवार होता. गेल्या आठवड्यातला गुरुवार मी नौपाड्यात चालत काढला. भाजी घेतली, नको असलेलं औषध घेतलं, एका दुकानात उगाच चादरींचे भाव विचारले. चार वाजले तेव्हा रस्त्यात उभी होते आणि जायला कुठलीच जागा नव्हती.

ह्या मंगळवारी ज्योत्स्नाचा फोन आला. "मावशी, परवा कुठे जमायचं?"

"माझ्याकडे," मी म्हणाले. म्हणाले आणि मलाच धक्का बसला. वडिलांच्या पश्चात माझ्या घरी कुणी बसायला आलेलं नाही.

काल गुरुवार होता. सकाळपासून घर आवरलं. सतरंजी झटकली. कप कमी पडत होते म्हणून वर सुमनकडे गेले. तिने कप दिले, वर एक खुर्चीही पाठवली. आणि चारच्या सुमाराला सगळे आले, आणि एस्तेरताई, सगळे बाटल्या घेऊन आले. नौपाड्यात! माझ्या नळाला भरपूर पाणी. डॅनियलकाका कोलशेतहून जिना चढून धापा टाकत आले, हातात बाटली. दारातच त्यांच्या लक्षात आलं. "अरे, इथे तर..." म्हणाले आणि बाटलीकडे बघत उभे राहिले. मी ती घेतली. सगळ्यांच्या घेतल्या. मोठं पातेलं काढलं आणि एकेक उपडी केली. तुझा विनोद कुणीतरी करेल म्हणून थांबले, पण कुणी केला नाही, आणि माझ्याने करवला नाही.

आधण ठेवून येईपर्यंत सगळे बसले होते. काका दाराजवळ सुमनच्या खुर्चीवर, काकू, मग बाकीचे, मग ज्योत्स्ना. माझ्यासाठी जागा उरली होती ती स्वयंपाकघराच्या दाराशी. मी बसले. डोळे मिटायच्या आधी लक्षात आलं, मी तुझ्या जागी बसले आहे.

काकांनी सुरुवात केली. तुझं नाव घेताना त्यांचा आवाज चिरकला आणि ते लगेच थांबले. सरकार नाही, जवान नाहीत. मला वाटलं, काका, आजच का? एकेक जण करत ज्योत्स्नापर्यंत आलं. तिची प्रार्थना दोन वाक्यांची झाली, आणि तिने माझा हात दाबला.

मी उजवा हात पुढे केला. तिथे दाराची चौकट होती.

मी ज्योत्स्नाचा हात सोडला असता, उठून चहा बघितला असता, तरी चाललं असतं. सगळ्यांना समजलं असतं. पण सगळे थांबले होते, डोळे मिटून, कुरकुर न करता, काकासुद्धा. तू शिकवलं होतंस त्यांना, करुणाच्या नंबराला थांबायचं. आत आधण उकळायला लागल्याचा आवाज येत होता. आणि मला माझं ते तक्रार केंद्र आठवलं. लोक फोन करायचे, घाबरलेले, अंधारात बसलेले. मी "नमस्कार, बोला" म्हटलं की आधी नाव सांगायचे, मग ओळखीची खूण, मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीच्या बाजूला. मग हवं ते सांगायचे. त्यातल्या कुणाचीही भाषा दयासागराची नव्हती. मला सगळं समजायचं.

"प्रभू," मी म्हणाले, "मी करुणा बोलतेय. एस्तेरताईच्या शेजारी बसते ना, ती."

पुढचं इथे लिहीत नाही. वर सांगितलं आहे. पोचलं असेल.